या आठवड्यात जावंसं वाटत नाही?

समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाण्यासाठी माणसं किती दिवस मन घट्ट करत असतात, याबद्दल आता मराठीत बरंच बोललं जातं, आणि ते बोलणं गरजेचंच होतं. पहिल्या भेटीनंतर काय होतं, हे मात्र कोणी फारसं विचारत नाही. दोन-तीन सेशन होतात, थोडं मोकळं वाटतं. मग एक आठवडा ऑफिसच्या कामात जातो, पुढचा पाहुण्यांत. ‘गणपती झाले की येतो’, ‘मार्च एंडिंग संपू दे’, ‘मुलीची दहावी आहे’ असे निरोप जातात आणि उपचार थांबतात. ते थांबवायचे असं कोणी ठरवलेलं नसतं. जोशुआ स्विफ्ट आणि रॉजर ग्रीनबर्ग या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये ६६९ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा साधारण पाचातला एक माणूस थेरपी मधेच सोडतो असं दिसलं.

ज्यांनी सुरुवात केली आहे आणि ज्यांचं पाऊल आता अडखळतं आहे, त्यांच्यासाठी हा लेख. ज्या आठवड्यात जावंसं वाटत नाही, तो बहुतेक वेळा उपचारातला सगळ्यात कामाचा आठवडा असतो, असं मला वाटतं. ते का, आणि त्या आठवड्यात नेमकं काय करायचं, ते पुढे सांगते.

आधी टाळण्याबद्दल. चिंता आणि नैराश्य दोन्ही टाळण्यावर पोसली जातात. ज्याची भीती वाटते ते टाळलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि ते सुटल्यासारखं वाटणंच पुढच्या वेळीही टाळायला शिकवतं. लिफ्टला घाबरणारा माणूस जिन्याने जातो, त्याला हायसं वाटतं, आणि लिफ्टची भीती आणखी पक्की होते. थेरपिस्टच्या खोलीलाही हाच नियम लागू आहे. मागच्या वेळी वडिलांचा विषय निघाला, अनपेक्षित रडू आलं, आणि या आठवड्यात सकाळपासून डोकं दुखतं आहे. हे ढोंग नसतं, डोकं खरंच दुखत असतं. ‘आज जमणार नाही’ असा मेसेज गेला की ते थोडं उतरतंही. त्या उतरण्याकडे लक्ष द्या. जी सवय मोडायला तुम्ही तिथे जाता, ती तिथे जाण्याच्याच आड आलेली असते.

दुसरं कारण याच्या अगदी उलट: बरं वाटू लागतं. सुरुवातीच्या काही भेटींत मिळणारा आराम खरा असतो. कोणीतरी मधे न बोलता ऐकून घेतलं, जे होतंय त्याला नाव मिळालं, यातून बाहेर पडता येतं अशी आशा वाटली, एवढ्यानेही झोप सुधारू शकते. पण विचार करण्याची जुनी पद्धत अजून जागच्या जागी असते. साहेब चारचौघांत बोलले की ‘माझं काही खरं नाही’ इथपर्यंत मन अजूनही दोन पावलांत पोचतं. त्या आठवड्यात साहेब काही बोलले नाहीत, म्हणून ते दिसलं नाही, एवढंच. बरं वाटत असताना झालेल्या सेशनमध्ये हे काम शांतपणे करता येतं, कारण आग विझवण्याची घाई नसते.

नियमितपणाचं महत्त्व नुसत्या शिस्तीचं नाही, उपचारांच्या रचनेतच ते आहे. निद्रानाशाचं उदाहरण घेऊ. झोपेसाठीच्या कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीत साधारण चार ते आठ सेशन असतात. पहिल्या आठवड्यात तुम्ही झोपेची डायरी लिहिता: किती वाजता आडवे झालात, अंदाजे केव्हा डोळा लागला, किती वेळा जाग आली. समजा आठ तास अंथरुणात घालवून खरी झोप साडेपाच तासच होते आहे. मग थेरपिस्ट अंथरुणातला वेळ जवळपास तेवढाच ठेवायला सांगतात. रात्री साडेबारापर्यंत जागायचं, सकाळी सहाला उठायचं, दुपारी लवंडायचं नाही. पहिले काही दिवस फार जड जातात. दिवसभर डोळे चुरचुरतात, चिडचिड होते. झोप सलग होऊ लागली की डायरी पाहून दर आठवड्याला पंधरा मिनिटं ते अर्धा तास वाढवून दिला जातो. जो माणूस दुसऱ्या आठवड्यात ‘याने तर आणखी बिघडलं’ म्हणून जायचं थांबवतो, त्याने त्रासाचा भाग पूर्ण सोसलेला असतो आणि फायद्याचा भाग सुरू व्हायच्या आधीच तो परत फिरलेला असतो. (हा प्रयोग घरच्या घरी, नुसतं वाचून करू नका. फिट्स, बायपोलर आजार किंवा रात्रपाळीत मशीन-वाहन चालवण्याचं काम असेल तर तो धोक्याचा ठरू शकतो.)

मंत्रचळाचंही तसंच आहे. सारखे हात धुणारी बाई थेरपिस्टसोबत एक पायरी ठरवते: दाराच्या कडीला हात लावायचा आणि तासभर हात धुवायचे नाहीत. पहिल्यांदा जीव घाबरा होतो, मग भीती हळूहळू आपोआप ओसरते किंवा निदान सोसता येते. मेंदूला हा अनुभव पुन्हा पुन्हा, थोड्या अंतराने मिळावा लागतो. मधे महिनाभराचा खाडा पडला की कडीवरून कपाटाच्या मुठीकडे जाण्याऐवजी पुन्हा कडीपाशीच यावं लागतं. अशा माणसाला ‘जमेल तेव्हा ये’ म्हणणं मला दयाळूपणाचं वाटत नाही.

आपल्या शेजारच्या गोव्यातलं एक काम इथे सांगायलाच हवं, कारण मानसोपचार म्हणजे मोठ्या शहरातली महागडी, वर्षानुवर्षं चालणारी गोष्ट हा समज ते पुसून टाकतं. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या गटाने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे पाचशे प्रौढांनी तीत भाग घेतला. निम्म्यांना नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याच्या जोडीला सहा ते आठ सेशन मिळाली, प्रत्येकी अर्धा-पाऊण तासाची, केंद्रावर किंवा पेशंटच्या घरी. ती घेणारे समुपदेशक मानसोपचाराची पदवी घेतलेले नव्हते. या कामासाठी प्रशिक्षण दिलेली ती साधी स्थानिक माणसं होती. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी सेशन घेतलेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. वर्षानंतरही फायदा टिकला होता.

त्या सेशनमध्ये काय होत असे? नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी देवळात जाणं, मग शेजारणीशी बोलणं, मग अंगणाची झाडलोट. जेवढं सोडतो तेवढे बरं वाटण्याचे प्रसंग कमी होतात आणि उदासी वाढते. समुपदेशक पेशंटबरोबर बसून आठवड्यात करायची एखाद-दुसरी छोटी गोष्ट ठरवत आणि पुढच्या भेटीत ती झाली का, झाली तर कसं वाटलं, नाही झाली तर कुठे अडलं, हे विचारत. पुढच्या भेटीत विचारणारं कोणीतरी असणं हाच या उपचाराचा गाभा आहे. पुढची भेट कधी, हेच नक्की नसेल तर तो गाभाच निघून जातो.

मग किती वेळा जायचं? बहुतेक पद्धतींत सुरुवातीला आठवड्यातून एकदा, ४५ ते ६० मिनिटं. नेदरलँड्समध्ये नैराश्याच्या २०० पेशंटवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुरुवातीला आठवड्यातून दोनदा भेटणाऱ्यांची सुधारणा एकदा भेटणाऱ्यांपेक्षा जास्त दिसली. म्हणजे सुरुवातीला भेटी जवळजवळ असाव्यात, पुढे अंतर वाढवावं. अनेकजण नेमकं उलटं करतात: आधी ‘महिन्यातून एकदा येऊन बघतो’, आणि मग त्रास असह्य झाला की ‘उद्याच वेळ मिळेल का?’ किती सेशन लागतील याचं उत्तर माणसागणिक वेगळं. केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये जुन्या अभ्यासांची मांडणी केली, तेव्हा आठ सेशनपर्यंत सुमारे निम्म्या आणि सव्वीसपर्यंत सुमारे पाऊण पेशंटमध्ये मोजता येईल अशी सुधारणा दिसली होती. तिसऱ्या सेशननंतर ‘मला काही उपयोग नाही’ असा निकाल देणं म्हणूनच घाईचं ठरतं. लहानपणीचे आघात, व्यक्तिमत्त्वातल्या खोल अडचणी असतील तर वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात.

आता त्या नको वाटणाऱ्या आठवड्यात काय करायचं ते.

‘आज बोलण्यासारखं काहीच नाही’ असं वाटत असेल तर जा, आणि हेच वाक्य बोलून सुरुवात करा. संकट नसलेल्या दिवशी जे निघतं ते अनेकदा जुनं आणि महत्त्वाचं असतं, कारण संकटाच्या दिवशी त्याला जागाच मिळत नाही.

मागच्या वेळी थेरपिस्टचं काही लागलं असेल, तर तेही त्यांना सांगा. आपल्याकडे हे फार अवघड जातं. डॉक्टर, गुरुजी, वयाने मोठा माणूस यांना ‘तुमचं बोलणं मला आवडलं नाही’ म्हणायची आपल्याला सवय नाही, आपण सरळ जाणं बंद करतो. ‘मागच्या वेळी तुम्ही नवऱ्याची बाजू घेतलीत असं मला वाटलं, आठवडाभर ते डोक्यात राहिलं’ एवढं सांगून पाहा. चांगला थेरपिस्ट यावर रागावत नाही, तो थांबून विचार करतो आणि चुकलं असेल तर तसं म्हणतो. थेरपिस्ट आणि पेशंटमधलं नातं ताणलं जाणं आणि पुन्हा जुळणं यावर जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्युरन यांनी अनेक वर्षं काम केलं. अशी जुळणी झाली की उपचार पुढे सरकतात, असं त्यांना दिसलं. कितीतरी माणसांसाठी नाराजी बोलून दाखवल्यावरही नातं टिकतं हा आयुष्यातला पहिलाच अनुभव असतो. तो घेण्यासाठी त्या आठवड्यात तिथे हजर असावं लागतं.

दिलेला गृहपाठ झाला नाही म्हणून लाज वाटत असेल, तर तो न करताच जा. का झाला नाही, यातच त्या दिवसाचं काम आहे.

खरंच ताप आहे, मूल आजारी आहे, गाड्या बंद आहेत, तर सेशन रद्द करा. पण रद्द करतानाच पुढची तारीख घ्या. ‘कळवतो’ म्हणून ठेवलेल्या सेशनची पुढची तारीख सहसा येत नाही. बहुतेक ठिकाणी चोवीस तास आधी कळवावं लागतं, नाहीतर फी द्यावी लागते. हा नियम पहिल्याच भेटीत विचारून घ्या. शक्य असेल तर दर आठवड्याचा एकच वार आणि एकच वेळ ठरवा, म्हणजे ‘या आठवड्यात जायचं का?’ हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहत नाही. सेशननंतर लगेच मीटिंग किंवा मुलांची शाळा ठेवू नका. वीस मिनिटं मोकळी असावीत. चालत घरी या, किंवा बसस्टॉपवर बसून दोन ओळी लिहा: आज काय लक्षात राहिलं, आणि पुढच्या वेळी काय विचारायचं आहे.

घरच्यांचा प्रश्न वेगळा. एका आठवड्याला काही वाटत नाही, पण दर मंगळवारी संध्याकाळी बाहेर जाणारी सून किंवा कॉलेजातला मुलगा यांना ‘कुठे चाललास?’ हा प्रश्न येणारच. सगळं सांगायची सक्ती नाही. ‘माझी दर आठवड्याची अपॉइंटमेंट आहे, तब्येतीसाठी आहे, अजून काही महिने चालेल’ हे खरं आणि पुरेसं उत्तर आहे. ‘अजून किती दिवस? तिथे जाऊन नुसतं बोलता ना?’ असं कोणी म्हणालं, तर तिथल्या तिथे वाद घालू नका. पुढच्या सेशनमध्ये हा विषय काढा, गरज वाटली तर एका भेटीला घरच्या माणसाला सोबत न्या. आणि घरच्यांनो, सेशनहून आलेल्या माणसाला दारातच ‘काय म्हणाले?’ असं विचारू नका. चहा द्या. सांगायचं असेल तर ती व्यक्ती सांगेल.

ऑनलाइन सेशनमुळे सांगली-लातूरपासून दुबई-न्यू जर्सीपर्यंतच्या मराठी माणसांना मराठीतून बोलणारा थेरपिस्ट मिळू लागला, ही मोठीच सोय झाली. पण दोन खोल्यांच्या घरात बंद दार मिळणं कठीण. लोक गच्चीवर जातात, सोसायटीत उभ्या केलेल्या गाडीत बसतात, मैत्रिणीकडची खोली मागून घेतात. यात संकोच नको. मात्र जागा आधी ठरवा. आयत्या वेळी जागा शोधताना सेशन बुडतं किंवा सासूबाई शेजारी आहेत म्हणून तासभर हवापाण्याच्या गप्पा होतात.

पैशांचं मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण अनेक जण फी परवडत नाही म्हणून थांबतात आणि कारण दुसरंच सांगतात. फी जड जात असेल तर थेरपिस्टना तसं सांगा. काही जण कमी फीची सेशन राखून ठेवतात, काही जण पंधरा दिवसांनी भेटून मधल्या काळासाठी लिखित काम देतात. ठरवून वाढवलेलं अंतर आणि आपोआप पडलेलं अंतर यांत फार फरक असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतात. गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. गर्दी असते, वाट पाहावी लागते, पण खर्च नाममात्र. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यायचं आहे. तरी अनेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच खर्च देतात. तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च मिळतो का ते पाहा. नोकरीच्या ठिकाणी काही मोफत सेशनची सोय आहे का, हेही एचआरला विचारता येतं.

जात राहा म्हणते आहे, पण डोळे मिटून नाही. सहा ते आठ सेशन नियमित झाल्यावर थेरपिस्टना विचारा: आपण कशावर काम करतो आहोत, ते पुढे सरकतंय हे कशावरून ठरवायचं? काही जण दर थोड्या भेटींनी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ सारखी प्रश्नावली भरून घेतात. ती भरा. जागेवरच असाल तर पद्धत बदलता येते, औषधांची जोड लागेल का हे मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून घेता येतं, दुसऱ्या थेरपिस्टकडे जाता येतं. (औषधं आधीच चालू असतील तर ती मनाने बंद करू नका, थेरपी छान चालली आहे म्हणूनही नाही.) आणि काही गोष्टींत नियमितपणाचा प्रश्नच येत नाही: थेरपिस्टने शारीरिक जवळीक साधली, तुमच्याशी पैशाचा किंवा धंद्याचा व्यवहार सुरू केला, तुमचं बोलणं तुमच्या परवानगीविना घरी सांगितलं, जातीवरून, धर्मावरून किंवा लैंगिकतेवरून कमी लेखलं, तर तिथे परत जाऊ नका. जिवाला धोका असेल तेव्हा थेरपिस्टला गुप्तता मोडावी लागू शकते, हा अपवाद मात्र त्यांनी सुरुवातीलाच सांगितलेला असायला हवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.

जीव द्यावासा वाटत असेल तर मंगळवारच्या सेशनची वाट पाहू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. सोबत कोणाला तरी घेऊन जवळच्या रुग्णालयात जा.

उपचार संपवण्याचीही एक रीत आहे. थांबावंसं वाटू लागलं की दोन-तीन सेशन आधी सांगा. शेवटच्या भेटींत तुम्ही दोघं मिळून त्रास परत डोकं वर काढतोय याच्या तुमच्या खास खुणा लिहून काढता. कोणाची झोप पहाटे तीनला मोडू लागते, कोणी मित्रांचे फोन उचलत नाही, कोणी पुन्हा पुन्हा हिशेब तपासू लागतं. त्यातली कोणती खूण दिसली की काय करायचं, कोणाला सांगायचं, हे लिहून ठेवता. मग एक भेट महिन्यानंतर, एक तीन महिन्यांनी. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेतलेल्या माणसांना घरी गेल्यावरही पाठपुराव्याला बोलावतात, ते याचसाठी. खरी परीक्षा घरी पोचल्यावर, जुन्या कट्ट्यावर, जुन्या पगाराच्या दिवशी होते.

आणि तुम्ही सहा महिन्यांपूर्वीच न सांगता थांबला असाल तर? ‘आता कोणत्या तोंडाने जाऊ’ म्हणून नवा थेरपिस्ट शोधण्याआधी जुन्यालाच एक मेसेज करून पाहा: ‘मी मधेच येणं बंद केलं होतं. पुन्हा सुरू करायचं आहे. या किंवा पुढच्या आठवड्यात वेळ मिळेल का?’ कारण लिहायची गरज नाही. माणसं अशी मधेच थांबतात हे त्यांना ठाऊक असतं. पहिल्या भेटीत ते बहुधा विचारतील, की तेव्हा थांबावंसं का वाटलं. जमेल तेवढं खरं सांगा. पैसे कमी पडले, कंटाळा आला, तुम्ही जे विचारलंत त्याची भीती वाटली, काहीही असो. यापुढची सेशन कशी ठेवायची, किती अंतराने, कोणत्या विषयाला हळू हात घालायचा, हे त्या उत्तरावरूनच ठरतं.